प्रतीचा हिशेब

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता इथे चालतात. चार दशकांहून अधिक काळ वकील आणि पक्षकार त्यासाठी झगडत होते. श्रेय कोणाचे यावर लिहायचे तेवढे लिहून झाले आहे. मला लिहायचे आहे ते कागदाविषयी. उच्च न्यायालय म्हणजे कागद. दोनशे पानांची एक याचिका घ्या. न्यायालयासाठी, प्रत्येक प्रतिवादीसाठी, वकिलासाठी आणि घरी ट्रंकेत ठेवण्यासाठी असे तिचे सहा संच काढायचे म्हटले, तर बाराशे पाने झाली. ही पाने कोणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर, पक्षकार दाराशी उभा असताना काढून द्यायची असतात.

साहजिकच झेरॉक्सचे दुकान टाकावे असे अनेक घरांत बोलले जाऊ लागले आहे. मुलगा पदवीधर आहे, नोकरी नाही, पतसंस्था कर्ज द्यायला तयार आहे आणि आईचे चार तोळे कपाटात आहेत. एका कचेरीच्या खरेदीचे काम काही वर्षे माझ्याकडे होते म्हणून ओळखीपाळखीची माणसे मलाही विचारतात, की 'कुठलं मशीन घ्यावं?' या प्रश्नाला मी कंपनीचे नाव सांगत नाही, त्यामुळे विचारणारे जरा नाराज होतात. पण माझे मत पक्के आहे. या धंद्यात माणूस यंत्र विकत घेतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो पुढच्या चार-पाच वर्षांतली प्रत्येक प्रत आगाऊ विकत घेत असतो. यंत्राची किंमत बिलावर छापलेली असते, प्रतीची किंमत कुठेच छापलेली नसते. ती काढायची तर यंत्राच्या पोटात काय चालते हे थोडे तरी ठाऊक हवे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्या गावाला यंत्र उघडून बघण्याचे वावडे असू नये.

आमच्या पिढीने 'नक्कल' पाहिली आहे. कचेरीत अर्ज द्यायचा, फी भरायची आणि 'खरी नक्कल' असा शिक्का मारलेल्या कागदासाठी आठवडाभर हेलपाटे घालायचे. टाइपरायटरला कार्बन लावून चार-पाच प्रती निघत, त्यातली शेवटची वाचणे हा डोळ्यांचा व्यायाम असे. शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि युनियनची पत्रके सायक्लोस्टाइलवर निघत. उद्यमनगरातल्या कारखान्यांची ड्रॉइंग अमोनियावर छापली जात. त्या दुकानात शिरले की डोळ्यांतून पाणी यायचे. या सगळ्या प्रकारांत अडचण एकच होती. प्रती काढायच्या हे आधी ठरवून कार्बन, स्टेन्सिल किंवा ट्रेसिंग पेपर तयार ठेवावा लागे. अचानक हाती आलेल्या तयार कागदाची प्रत हवी असेल तर फोटोस्टॅट होता, पण तो म्हणजे फोटोच. महाग, आणि धुऊन वाळवण्याचा.

ही अडचण ज्याला सर्वांत जास्त टोचली तो चेस्टर कार्लसन हा पदार्थविज्ञान शिकलेला अमेरिकन माणूस न्यूयॉर्कमधल्या एका कंपनीच्या पेटंट विभागात कामाला होता. पेटंटच्या अर्जांना प्रती लागतात आणि त्या कधीच पुरत नाहीत. त्याला संधिवात होता, नजर अधू होती, आणि रात्री कायद्याचे शिक्षण घेताना ग्रंथालयात पानेच्या पाने हाताने उतरवून घ्यावी लागत. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया या भागातल्या भाड्याच्या खोलीत त्याने आणि ओटो कोर्नाय या त्याच्या मदतनिसाने गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर विजेचा भार चढवला. काचपट्टीवर शाईने ती तारीख आणि जागेचे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली, दिव्याचा प्रखर प्रकाश काही सेकंद पाडला, वर लायकोपोडियमची बारीक पूड भुरभुरली आणि फुंकर मारली. पूड उडाली, अक्षरांपुरती राहिली. मेणकागद दाबून तापवला तेव्हा जगातली पहिली कोरडी प्रत तयार झाली.

पुढे वीसहून अधिक कंपन्यांनी त्याला नकार दिला. १९४४ मध्ये बॅटेल ही संशोधन संस्था आणि १९४७ मध्ये हॅलॉइड ही फोटोचा कागद बनवणारी छोटी कंपनी पुढे आली. ग्रीक भाषेतल्या 'कोरडे' आणि 'लिहिणे' या दोन शब्दांवरून 'झेरोग्राफी' असे नाव पडले आणि कंपनीही झेरॉक्स झाली. १९५९ साली तिने ९१४ हे यंत्र आणले. नऊ इंच बाय चौदा इंच कागद चाले म्हणून ९१४. वजन सुमारे तीनशे किलो, आणि कागद पेटण्याची शक्यता असल्याने सोबत आग विझवण्याचे साधनही दिले जाई. एवढे महागडे यंत्र कोण घेणार? म्हणून कंपनीने ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिले. त्यात पहिल्या दोन हजार प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला काही सेंट. गिऱ्हाइकांनी प्रती काढण्याचा सपाटाच लावला आणि कंपनी गडगंज झाली. म्हणजे पैसा प्रतीत आहे हे विकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून कळले होते. घेणाऱ्याला ते अजून कळायचे आहे.

आपल्याकडे १९८३ साली मोदी झेरॉक्स ही कंपनी स्थापन झाली आणि उत्तर प्रदेशातल्या रामपूरला कारखाना निघाला. नाव असे रुजले, की आज महाद्वार रोडवर किंवा राजारामपुरीत 'झेरॉक्स' अशी पाटी असलेल्या दुकानात कॅनन, रिको, क्योसेरा किंवा शार्पचे यंत्र निमूटपणे काम करत असते आणि त्यात कोणालाच वावगे वाटत नाही.

आता यंत्राच्या पोटात शिरू. लहानपणी कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचललेत ना? तीच शक्ती इथे कामाला आहे. मध्यभागी ड्रम नावाचा गुळगुळीत नळा असतो. त्यावरच्या लेपाचा गुण असा, की अंधारात तो विजेचा भार धरून ठेवतो आणि उजेड पडला की त्या जागेपुरता सोडून देतो. जुन्या यंत्रांत हा लेप सेलेनियमचा असे, आता बहुतेक यंत्रांत सेंद्रिय रसायनांचा असतो. आधी ड्रमवर सर्वत्र सारखा भार चढवतात. जुन्या पद्धतीत मूळ कागदावर दिवा फिरे. कागदाच्या पांढऱ्या भागावरून परतलेला उजेड ड्रमवर पडून तिथला भार नाहीसा होई आणि काळ्या अक्षरांच्या जागी तो शिल्लक राही. आताच्या डिजिटल यंत्रांत कागदाचे आधी स्कॅनिंग होते आणि मग लेझरचा किरण ड्रमवर अक्षरे 'लिहितो'. तिथे भार कुठे ठेवायचा आणि कुठे काढायचा हे उलटे असते, तत्त्व तेच. डोळ्यांना न दिसणारे ते अक्षर म्हणजे भाराचे चित्र.

मग येतो टोनर. त्याला लोक शाई म्हणतात, पण त्यात ओले काहीच नाही. काजळी मिसळलेल्या प्लॅस्टिकची ती पूड, कण पाच ते दहा मायक्रॉनचा. आपला केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. मोठ्या यंत्रांत ही पूड डेव्हलपर नावाच्या चुंबकीय कणांबरोबर घुसळली जाते, तिच्यावर भार चढतो आणि ती ड्रमवरच्या चित्राला चिकटते. कागद खालून सरकतो, त्याच्या पाठीमागून जास्त ओढ दिलेली असते, म्हणून पूड ड्रम सोडून कागदावर येते. या क्षणी बोट फिरवले तर अक्षर पुसले जाईल. पुढे फ्यूजर आहे. दीडशे ते दोनशे अंशांपर्यंत तापलेला रूळ आणि त्याला दाबून धरणारा दुसरा रूळ यांच्यामधून कागद जातो, प्लॅस्टिक वितळते आणि अक्षर पक्के होते. ताजी प्रत हाताला गरम लागते ती यामुळे. इकडे ड्रमवर उरलेली पूड रबराचे ब्लेड खरवडून काढते आणि ती वेस्ट टोनरच्या डब्यात पडते. मिनिटाला तीस-चाळीस वेळा हा सगळा खटाटोप चालतो.

एवढे कळले की दुकानदाराला चार गोष्टी आपोआप कळतात. टोनर संपतो हे तर सगळेच धरतात. पण ड्रमचा लेप झिजतो, डेव्हलपर म्हातारा होतो, फ्यूजरचा रूळ खराब होतो आणि ब्लेडची धार बसते. या प्रत्येकाला प्रतींच्या संख्येत मोजलेले आयुष्य आहे. सुट्या भागाची किंमत भागिले त्याचे आयुष्य, अशा पाच-सहा बेरजा केल्या की प्रतीचा खर्च निघतो. विक्रेत्याकडून हे आकडे लेखी मागा. न देणाऱ्याकडे चहा प्यावा आणि उठावे.

माझा हिशेब असा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, भाव आपापले घालावेत. समजा लहान यंत्र अठरा हजारांचे, त्याला टोनर-ड्रम मिळून प्रतीमागे एक रुपया दहा पैसे पडतात. कागदाचे पन्नास पैसे धरले की एक रुपया साठ पैसे झाले. मोठे यंत्र एक लाख दहा हजारांचे; टोनर, ड्रम, फ्यूजर आणि देखभाल मिळून तीस पैसे, कागदासह ऐंशी. प्रत दोन रुपयांना विकायची. माहिती अधिकारात सरकारही पानाला दोनच रुपये घेते. लहान यंत्र प्रतीमागे चाळीस पैसे सोडते, मोठे एक रुपया वीस पैसे. फरक ऐंशी पैशांचा. किमतीतला फरक ब्याण्णव हजार, तो भरून निघायला एक लाख पंधरा हजार प्रती लागतात. दिवसाला तीनशे प्रती आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले तर सव्वा वर्षाच्या आसपास हे जमते. तेच दिवसाला पन्नास प्रती निघणाऱ्या गल्लीतल्या दुकानाला साडेसात वर्षांहून अधिक लागतील. तोवर यंत्र राहील की नाही याचाच भरवसा नाही. म्हणजे सीपीआरसमोर भाऊसिंगजी रोडवर जे शहाणपण, तेच उपनगरातल्या स्टेशनरीच्या दुकानात आतबट्ट्याचे. दुकानाच्या जागेसमोर चार दिवस उभे राहून माणसे मोजण्याचा कंटाळा करून शोरूममध्ये जाणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

माहितीपत्रकातल्या दोन आकड्यांपासून सावध राहावे. टोनर इतकी पाने पुरेल असे लिहिलेले असते ते साधारणपणे पानाचा पाच टक्के भाग काळा धरून. आपल्याकडची आधार कार्डाची काळपट प्रत, शिक्क्यांनी भरलेला दाखला, झाकण उघडे ठेवून काढलेले पुस्तकाचे पान आणि त्याभोवतीची काळी चौकट यांना पाच टक्के कुठून पुरणार? दुसरा आकडा महिन्याच्या कमाल क्षमतेचा. बैलाने एकदा ओढलेले ओझे त्याला रोज ओढायला लावत नाहीत. कंपनी शिफारस करते तो महिन्याचा आकडा निराळा आणि बराच लहान असतो, तोच विचारावा.

वेगाचे फार कौतुक होते. मिनिटाला किती पाने यापेक्षा वकिलांच्या कामाला दोन सोयी अधिक मोलाच्या आहेत: कागदांचा गठ्ठा आपोआप ओढून घेणारा फीडर आणि दोन्ही बाजूंना छापण्याची सोय. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंना छपाई स्वीकारली, तेव्हा वारा कुठल्या दिशेचा आहे हे स्पष्ट आहे. तरी लीगल आकार अजून पुरता गेलेला नाही, म्हणून दोन ट्रे हवेतच. गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या कारखान्यांना ड्रॉइंगसाठी ए-थ्री लागेल. सीएच्या कचेरीला त्याची गरज बहुधा नाही, पण स्कॅनिंग उत्तम लागेल. ई-फायलिंग वाढते आहे आणि कागद कमी होणार आहे, हे कर्ज काढणाऱ्याने डोळ्यांआड करू नये. पाच वर्षांत फिटणार नाही असे यंत्र घेऊच नये, आणि घेऊ ते स्कॅनिंगमध्येही तितकेच तरबेज असावे. विद्यापीठाच्या वाटेवर दुकान टाकणारे विचारतात, पुस्तकांच्या प्रती काढल्या तर चालते का? दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अभ्यासक्रमापुरत्या उताऱ्यांच्या संचांना कायद्यात जागा आहे असे म्हटले. त्याचा अर्थ आख्खे पुस्तक छापून बाइंडिंग करून विकावे असा नव्हे.

बहुतेक नवे दुकानदार वापरलेले यंत्र घेतात, आणि त्यात गैर काही नाही. परदेशातून आलेली मोठी यंत्रे दणकट असतात. मात्र अशा आयातीवर केंद्र सरकारचे निर्बंध आहेत, तेव्हा पक्के बिल आणि कागदपत्रे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाहेरून पुसून चकचकीत केलेल्या यंत्राला भुलू नये, आधी काउंटर पाहावा. मग कोऱ्या कागदाची प्रत काढावी. पांढऱ्याची राखाडी झाली तर ड्रम किंवा डेव्हलपर थकला आहे. ठरावीक अंतराने तोच ठिपका उमटत असेल तर कुठल्यातरी नळ्याला किंवा रुळाला जखम आहे. फीडरमधून काढलेल्या प्रतीवर उभी रेघ आणि काचेवरून काढलेल्या प्रतीवर ती नाही, असे असेल तर घाबरू नका, कडेच्या अरुंद काचपट्टीवर घाण आहे, फडक्याने जाईल. अक्षर नखाने निघाले तर फ्यूजर पाहायला हवा. आणि एक प्रत काढून खूश होऊ नका, शंभर सलग काढा. दुखणे ऐंशीव्या प्रतीला बाहेर येते.

देखभालीच्या कराराचे दोन प्रकार असतात. एकात फक्त मेकॅनिकची फेरी असते, सुटे भाग तुमच्या खर्चाने. दुसऱ्यात प्रतीमागे ठरलेले पैसे, त्यात भाग आणि टोनरही. दुसरा महाग वाटतो, पण नवख्याला मी तोच सुचवेन. निदान महिन्याचा खर्च किती हे आधी कळते. मेकॅनिक कोल्हापुरात राहतो की पुण्याहून येतो, हे यंत्राच्या रंगरूपापेक्षा महत्त्वाचे. तारखेच्या दिवशी सकाळी दहाला बंद पडलेले यंत्र दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू होऊन उपयोग काय?

राहिला आपला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथला कागद ओलसर असतो. ओला कागद भार नीट धरत नाही म्हणून अक्षर फिके येते, तापल्यावर वळतो म्हणून अडकतो. दुकानदार यंत्राला शिव्या देतो, चूक कागदाच्या रिमची असते. रिम फोडले की उरलेले प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे, फरशीवर ठेवू नये. मोठ्या यंत्रांत ट्रे कोरडा ठेवणारा छोटा हीटर बसवता येतो, तो पावसापुरता सुरू ठेवावा. फ्यूजर तापताना हजार वॉटहून अधिक वीज ओढतो, त्यामुळे घरगुती इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नये. आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या वस्तीत शिरले, ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. शंभर किलोच्या आसपासचे यंत्र ऐनवेळी माळ्यावर चढत नाही. तळमजल्याचा गाळा घेताना आधीच्या पुराची खूण भिंतीवर कुठे आहे ते शेजाऱ्याला विचारावे आणि विमा उतरवताना पुराचा उल्लेख आहे ना हे वाचावे.

डिजिटल यंत्राच्या दोन खोडी मात्र गिऱ्हाइकांनीही जाणून घ्याव्यात. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले, की झेरॉक्सच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात वेगवेगळ्या खोल्यांची क्षेत्रफळे एकसारखीच येत आहेत. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकमेकींच्या जागी बसवत होते. अक्षर स्वच्छ, आकडा चुकीचा! कंपनीने नंतर दुरुस्ती दिली आणि ही तक्रार स्कॅनिंगची होती, साध्या प्रतीची नव्हे. पण सातबारा, गट नंबर आणि क्षेत्र यांचा खेळ ज्या कागदांवर चालतो, ते स्कॅन करताना फाइल कमीत कमी आकाराची करण्याचा मोह टाळावा आणि आकडे मुळाशी ताडून पाहावेत.

दुसरी खोड आठवणीची. अनेक मोठ्या यंत्रांत संगणकासारखी हार्डडिस्क असते आणि प्रती काढताना कागदाची प्रतिमा तिच्यावर उतरते. २०१० साली अमेरिकेतल्या सीबीएस या वृत्तवाहिनीने वापरलेली चार यंत्रे विकत घेतली. त्यांच्या डिस्कवर पोलिसांची कागदपत्रे आणि रुग्णांच्या नोंदी निघाल्या. त्यातले एक यंत्र ज्या आरोग्यविमा संस्थेने वापरले होते, तिला २०१३ साली बारा लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. आपल्या दुकानातल्या डिस्कवर काय काय असेल? कोणाचा घटस्फोटाचा अर्ज, कोणाचे बँकेचे पासबुक, शेकडो आधार कार्डे. नवे यंत्र घेताना प्रतिमा आपोआप पुसण्याची सोय आहे का ते विचारावे आणि असेल तर पहिल्या दिवशी ती सुरू करून घ्यावी. जुने विकताना डिस्क मेकॅनिककडून काढून घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. नवी डिस्क घालण्याचा खर्च विकत घेणाऱ्याने किमतीतून वळता करायला सांगितला, तर करू द्यावा.